अंगठा

होडीतले पाहुणे कुंथिआला विचारतात,
"अंगकोर किती वेळा पाहिलंस?"
ती वल्ह्याचं पाणी झटकते. "रोज."
खोटं नाही ते.
झेंड्यावर पाहते, नोटेवर पाहते,
भावाच्या रिकाम्या बिअरच्या बाटल्यांवर तर
गरजेपेक्षा जास्तच पाहते.
गेलेली मात्र नाही कधी. बत्तीस वर्षांत.
दहा कोसही नाही अंतर.

तिचं गाव पाण्यावर आहे.
शाळा, पोलीस चौकी, डुकरांचं खुराडं,
न्हाव्याचा आरसा,
सगळं बांबूंवर आणि निळ्या पिंपांवर.
पाणी चढलं की गाव झाडांकडे सरकतं,
ओसरलं की पाण्यामागे जातं.
कुणी घराचा पत्ता विचारला
तर लोक आधी विचारतात, "महिना कुठला?"

उलटी गंगा म्हणतो ना आपण,
तेही बहुधा टोमणा मारायला.
इथे ती दरवर्षी वाहते.
मेकाँग अशी फुगते
की तोन्ले साप नदी समुद्राची वाट सोडते,
माघारी वळते आणि तळ्यात शिरते,
माहेरवाशिणीसारखी, पण रिकाम्या हाताने नाही:
ओटीत गाळ, ओटीत मासे.
मग जंगल गळ्यापर्यंत बुडतं.
शेंड्यांवर पाणकावळे पंख वाळत घालतात
आणि खालच्या फांद्यांमध्ये,
उन्हाळ्यात जिथे होले घुमायचे,
तिथे मासे अंडी घालतात.
एका माशाचं नाव रिएल.
पैशाचंही नाव रिएल.
कुणी कुणाचं घेतलं, यावर दोन मतं आहेत;
कुंथिआच्या मते मासा आधी.

त्या दिवशी पाहुणे नव्हते.
मावसभाऊ वुथा प्राहोकचे डबे घेऊन बाजारात निघाला होता.
ती बसली मोटरसायकलवर मागे,
दोन डब्यांच्या मध्ये,
खारवलेल्या माशाचा वास अंगावर घेऊन
देवांच्या दारात.
पहारेकऱ्याने चेहरा पाहिला,
तिकीट विचारलं नाही.

बायोनचे बुरूज. चेहरे, चेहरे, आणखी चेहरे.
मिटल्या ओठांनी असे हसत होते
की तिला जरा संशयच आला.
पायऱ्या उंच. पाय होडीचे,
स्थिर जमिनीवर उगाच डुलत होते.
खरं सांगायचं तर कंटाळली ती,
भिंतीच्या सावलीला टेकली,
चपलेतला खडा काढला,
आणि मान वळवली तर

दगडात झाडं,
झाडांमध्ये मासे.

गाईड सांगत होता पलीकडे कुणाला तरी,
राजा, आरमार, लढाई.
ती मासे ओळखत होती बोटाने.
हा मिशीवाला. हा काटेरी, हा सुपात उड्या मारतो.
कोरणाऱ्याने पाण्यात डोकं घातलं असणार,
ऐकून नाही जमत असं.

पुढे बाजार होता.
एक बाई बसलेली, गुडघे वर,
समोर तराजू, कानाच्या पाळ्या लोंबत्या,
आणि तिचा अंगठा
(कुंथिआला तरी तसाच दिसला)
पारड्याच्या कडेवर,
अगदी हलका.

हसली. एकटीच, मोठ्याने.
एक भिक्षू वळून बघायला लागला.
ज्या व्यापाऱ्याला ती रोज पहाटे मासे घालते
त्या सोखोनचा अंगठा हा,
किलोमागे शंभर ग्रॅम गिळणारा!
इतक्या शतकांचं शेवाळ चढलं,
वडाची मुळं शिखरांत घुसली,
राजे गेले, नावं गेली,
अंगठा जागच्या जागी.
मग हसू जरा ओसरलं,
कारण गेल्या सणाला
शाळेतल्या बाईंना वाम विकताना
तिचाही टेकला होता.

संध्याकाळी परतली तर घर नव्हतं.
पाणी वाढलं म्हणून शेजाऱ्यांनी
ओढून नेलं होतं बांधाच्या पलीकडे.
अंधारात हाक मारली तिने,
आधी कुत्रं ओळखीचं भुंकलं,
मग नवऱ्याने कंदील हलवला.

आता पाहुणे विचारतात, "किती वेळा?"
ती म्हणते, "एकदा."
"आणि काय आवडलं सगळ्यात?"
ती वल्हं मांडीवर घेते,
अंगठा वर करून दाखवते.

तेही खूश होतात,
सगळे आपापले अंगठे वर करतात.